बेगडातले नट : पहिलं टिन्सेल चित्र करणाऱ्यांसाठी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या नाटकवेड्या पोरांना एक छंद जडला होता. आवडत्या नटाचं भूमिकेच्या पोशाखातलं छापील चित्र दुकानातून आणायचं, ते रंगवायचं आणि मग त्या कागदी नटाला कपडे चढवायचे. अंगरख्याला रेशमाचा तुकडा, झग्याला मखमल, बुटांना पातळ चामडं, चिलखताला चकचकीत पत्रा, शिरस्त्राणावर खऱ्या पिसाचा तुरा. शेवटी ते चौकटीत बसवून भिंतीवर लावायचं. या चित्रांना टिन्सेल प्रिंट किंवा टिन्सेल पिक्चर म्हणतात. मखराला, बाशिंगाला आपण जो बेगड वापरतो, त्याच जातीचं सामान या कामात लागतं. म्हणून या लेखात त्याला मी बेगडच म्हणणार आहे.

मला ही कला मनापासून आवडते, कारण ती प्रेक्षकांची आहे. चित्र कोरणारा आणि छापणारा कारागीर असे, पण सजावट बहुतेक वेळा घरच्या टेबलावर, संध्याकाळच्या उजेडात, खेळ पाहून आलेल्या माणसाच्या हातून होई. आजही ती घरच्या टेबलावर करता येते. पहिलं चित्र करायला घेणाऱ्याने मात्र एक गोष्ट सुरुवातीपासून धरून ठेवावी: या चित्राचा जीव छापातल्या काळ्या रेघेत असतो. कापड आणि बेगड तिच्या साथीला येतात. साथ वरचढ झाली की नट हरवतो आणि नुसती चमक उरते.

आधी थोडं चित्रांविषयी

काम सुरू करण्याआधी ही चित्रं कशासाठी छापली जात, हे माहीत असलं की निवड सोपी होते. 1811 च्या सुमारास विल्यम वेस्ट नावाच्या लंडनच्या दुकानदाराने रंगमंचावर चाललेल्या नाटकांतल्या पात्रांचे छापील ताव विकायला सुरुवात केली. त्याचं दुकान आधी एक्सेटर स्ट्रीटवर आणि नंतर विच स्ट्रीटवर, ऑलिम्पिक थिएटरच्या समोर होतं. पुढे किंग्जवे आणि ऑल्डविच या रस्त्यांसाठी ती जुनी विच स्ट्रीट पाडली गेली, त्यामुळे आज ती जागा शोधूनही सापडत नाही. वेस्टच्या मागोमाग जे. के. ग्रीन, हॉजसन, स्केल्ट, पार्क, वेब, रेडिंग्टन असे अनेक जण या धंद्यात आले. छोटी पात्रं कापून पुठ्ठ्याच्या रंगमंचावर नाचवायची असत, तो खेळण्यातल्या रंगभूमीचा प्रकार. आपल्याला हवी आहेत ती मोठी चित्रं: एका तावावर एकच नट, साधारण वीस सेंटिमीटर रुंद आणि पंचवीस उंच, खाली ‘मिस्टर अमुक, तमुकच्या भूमिकेत’ असा मथळा आणि त्याखाली बारीक अक्षरांत प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि तारीख. साधं चित्र एका पेनीला, रंगवलेलं दोन पेनींना. हा भाव इतका ठरलेला होता की ‘पेनी प्लेन, टपेन्स कलर्ड’ हे शब्द पुढे या सगळ्या प्रकाराचं नावच होऊन बसले.

या चित्रांत शूरवीर, दरोडेखोर, चाचे आणि राक्षस इतके का दिसतात, याला कारण आहे. 1843 पर्यंत लंडनमध्ये निव्वळ संवादांचं नाटक करण्याचा हक्क मुख्यतः ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोन थिएटरांकडे होता. बाकीच्या थिएटरांना गाणी, संगीत, मूकाभिनय, घोडे, तलवारबाजी यांवर खेळ रंगवावे लागत. शब्दांवर बंधन आल्यामुळे पोशाख आणि पवित्रे बोलू लागले, आणि बेगड लावायला भरपूर जागा असलेली चित्रं बाजारात आली. हक्काच्या दोन थिएटरांनाही या लाटेत उतरावं लागलं. ‘द मिलर अँड हिज मेन’ हे दरोडेखोरांचं नाटक 1813 मध्ये कॉव्हेंट गार्डनलाच आलं आणि पुढे कित्येक वर्षं कागदी रंगभूमीचं सर्वांत लाडकं नाटक राहिलं.

चित्र निवडणं

घाईने पहिलं सुंदर दिसेल ते चित्र घेऊ नका. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, ब्रिटिश म्युझियम आणि लंडन म्युझियम यांच्या संग्रहांत अशी पुष्कळ चित्रं आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळांवर बरीच पाहता येतात. ‘थिएट्रिकल पोर्ट्रेट’, ‘टिन्सेल प्रिंट’ असे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. प्रत्येक संग्रहालयाच्या वापराच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचून घ्या. घरगुती कामासाठी सहसा अडचण येत नाही, पण विक्रीसाठी करणार असाल तर आधी परवानगी पाहा.

निवडताना मी तीन गोष्टी बघते. पहिली म्हणजे चित्र साधं, न रंगवलेलं असावं. रंगवलेल्या प्रतीवरून छाप काढली की जुना रंग रेघेवर बसलेला असतो आणि आपला हात बांधला जातो. दुसरी, पोशाखाचे भाग मोठे आणि वेगवेगळे असावेत: छातीवर चिलखत, खाली घोळदार अंगरखा, खांद्यावर झगा, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. अशा चित्रात धातू, कापड आणि चामडं या तिन्ही सामानांना आपापली जागा मिळते. तिसरी गोष्ट पवित्र्याची. एक पाय पुढे रोवलेला, गुडघा वाकवलेला, मागचा पाय ताणलेला, तलवारीचा हात वर, असा नट निवडा. हा पवित्रा त्या काळच्या रंगमंचावरचा ठरीव पवित्रा होता आणि प्रकाशक तो एकमेकांच्या चित्रांतून उचलतही, त्यामुळे तो सहज सापडतो. हात आणि पाय धडापासून मोकळे असल्यामुळे कापड लावताना कडा एकमेकींत अडकत नाहीत.

नावंच हवी असतील तर एडमंड कीन या नटाचा तिसरा रिचर्ड (शेक्सपिअरच्या नाटकातला राजा) शोधा. कीन 1814 च्या जानेवारीत ड्रुरी लेनला शायलॉकच्या भूमिकेत पहिल्यांदा उभा राहिला आणि एका रात्रीत लंडनचा झाला. त्यानंतर काही दिवसांतच त्याने रिचर्ड केला आणि त्या भूमिकेतली त्याची चित्रं कितीतरी प्रकाशकांनी काढली. कमरपट्टा, फर लावलेला झगा, तलवार असं सगळं त्यात मिळतं. टी. पी. कुक याचा खलाशी विल्यम 1829 मध्ये सरे थिएटरमध्ये गाजला. तीही चित्रं देखणी आहेत, पण खलाशाच्या साध्या जाकिटावर बेगडाला फार वाव नाही, म्हणून ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घ्या. मादाम व्हेस्ट्रिससारख्या नट्यांची चित्रं मोहात पाडतात. मलमलीच्या चुण्या कापडात उतरवणं नवख्या हाताचं काम नाही, एवढं सांगून ठेवते.

छाप काढणं

जाड कागद घ्या, सुती लगद्याचा मिळाला तर उत्तम. चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या खालचा कागद खळ लागली की वाकतो. साध्या इंकजेट प्रिंटरची शाई पाण्याच्या रंगाखाली पसरते, तेव्हा झेरॉक्सच्या दुकानातून लेझर छाप काढून घ्या. काळी रेघ पक्की काळी यायला हवी.

एकाच चित्राच्या तीन प्रती काढा. एक पाया. दुसरी कापायची, म्हणजे तिच्यातून झगा, बाही, बूट, छातीपट्टा वेगवेगळे कापून साचे तयार करायचे. तिसरी जवळ ठेवायची, कारण पायावर कापड चढलं की खालच्या रेघा दिसेनाशा होतात आणि चुण्या कुठे होत्या हे पाहायला ही प्रत लागते. साच्यांच्या मागे पेन्सिलने ‘डावी बाही’, ‘उजवा बूट’ असं लिहून ठेवा. सुटे तुकडे उलटे झाले की डावं-उजवं ओळखू येत नाही.

रंग

जुने छापे मोजक्या, जोरकस, पारदर्शक रंगांत रंगवलेले असत: लालभडक, प्रशियन निळा, पिवळा आणि त्यांच्या मिश्रणातून हिरवा. छटा काढण्याच्या फंदात कोणी पडत नसे. पाण्याचा रंग पातळ करून एकाच थरात सपाट लावा आणि खालची रेघ दिसत राहू द्या. पोस्टर कलर घेऊ नका, तो रेघ झाकतो.

कापड आणि बेगड लागणार त्या जागाही आधी रंगवून घ्या. कापडाची कड कुठे केसभर मागे राहिली तर खालून पांढरा कागद डोकावण्याऐवजी रंग दिसेल. चेहरा अगदी हलका ठेवा: त्वचेच्या रंगाचा फिका थर, गालावर एक ठिपका, ओठांवर लाल. चेहरा आणि हात यांवर यापुढे काहीही लावायचं नाही. सगळा पोशाख उठावदार आणि चेहरा कागदाचा, या विरोधातच हे चित्र उभं राहतं.

हे तंत्र आपल्याकडेही पोचलं होतं, निदान त्याचं भावंड तरी. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसच्या देवदेवतांच्या छापील चित्रांवर लोक घरी जर, टिकल्या आणि कापड चढवत. लक्ष्मी-सरस्वतीच्या त्या सजवलेल्या प्रती अजून संग्रहांत पाहायला मिळतात. साडी कापडाची, दागिने टिकल्यांचे आणि चेहरा मात्र छापातलाच. असं एखादं चित्र तुमच्या जुन्या घरात असेल तर काम सुरू करण्याआधी ते पाच मिनिटं निरखा. कुठे थांबायचं हे त्यातून कळेल.

कापड

कापडाची निवड पोताच्या मापावर करायची. चित्रातला नट वीतभर उंचीचा असतो. त्याच्या अंगावर पैठणीचा मोर आला तर झग्याऐवजी मोरच दिसतो. साधं रेशीम, सॅटिन, बारीक पोताचं खणाचं कापड, आखूड लवेची मखमल ही कामाची. शिंप्याकडच्या चिंध्यांच्या पिशवीत हे सगळं सापडतं. मुंबईत मंगलदास मार्केट आणि भुलेश्वर, पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठ इथे चक्कर मारली तर कापड, जर आणि टिकल्या एकाच फेरीत होतात.

कापड कापण्याआधी त्याला मागून पतंगाचा पातळ कागद चिकटवा, म्हणजे कडा उसवत नाहीत. मैद्याची खळ जुन्या पद्धतीची आणि छान बसते, पण आपल्या हवेत तिला कसर आणि झुरळं लागतात. पांढरा फेव्हिकॉल थोड्या पाण्यात सैल करून, जवळजवळ कोरड्या ब्रशने, कागदाला लावा. कापडाला लावू नका. रेशमातून तो वर आला तर डाग जात नाही. वर जाड पुस्तक ठेवून रात्रभर दाबा.

मग साचा कापडाच्या मागच्या बाजूला उलटा ठेवून पेन्सिलने आखा आणि बारीक टोकाच्या कात्रीने आखलेल्या रेघेच्या आतून कापा. आतून कापण्याचं कारण पायावरच्या बाह्यरेघेत आहे. तुकडा केसभर लहान असला की तो चिकटवल्यावर भोवती छापाची काळी रेघ दिसत राहते आणि बाही बाहीसारखी राहते. बाहेरून कापलं तर सगळे तुकडे एकमेकांवर चढतात आणि नट गाठोडं बांधल्यासारखा दिसतो.

दुसरी पद्धत उलट दिशेची: पायाच्या कागदातून झग्याचा भाग धारदार ब्लेडने कापून काढायचा आणि मागून कापड लावायचं. यात कडा अगदी स्वच्छ येते. मोठ्या, सलग भागांसाठी ती चांगली. मात्र कागदाला आधार राहत नाही, म्हणून मागून पूर्ण पुठ्ठा चिकटवावा लागतो. पहिल्या चित्रात वरून लावायची पद्धतच धरा.

मखमलीची लव खालच्या दिशेने पडेल असा तुकडा कापा, नाहीतर शेजारशेजारचे दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात. कापड चढल्यावर चुण्या नाहीशा होतात, त्या तिसऱ्या प्रतीकडे पाहत गडद रंगाच्या बारीक ब्रशने दोन-चार फटकाऱ्यांत परत आणा. सगळ्या नकोत. खांद्यापासून कमरेकडे जाणाऱ्या तेवढ्या पुरे.

बुटांना चामडं लावायचं तर जुन्या हातमोज्याचं किंवा पर्सच्या अस्तराचं, कागदासारखं पातळ. चांभाराकडे मिळणारं साधं चामडं इथे जाड पडतं.

बेगड

आता मुख्य काम. जुन्या लंडनमध्ये हे सामान तयार मिळे. पातळ धातूच्या पत्र्याला लाल, हिरवी, निळी, सोनेरी झिलई देऊन पोलादी ठशांनी त्यातून ठिपके, तारे, बकला, भाल्यांची टोकं, तलवारी, ढाली, अख्खे छातीपट्टे उठवलेले असत आणि चित्रं विकणारे दुकानदारच ते विकत. पेनीच्या चित्रापेक्षा त्याच्या सजावटीला कितीतरी जास्त पैसे लागत. लंडनच्या होक्स्टन भागातलं रेडिंग्टनचं दुकान पुढे त्याच्या जावयाने, बेंजामिन पोलॉकने, 1937 मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्याच्या नावाचं दुकान कॉव्हेंट गार्डनमध्ये आजही कागदी रंगभूमी विकतं. पण जुन्या ठशांतला बेगड आता बाजारात मिळत नाही, तो घरीच ठोकावा लागतो.

पत्रा असा हवा की नखाने दाबला तर खूण राहील. डेकोरेशनच्या दुकानात बेगड म्हणून मिळणारा बराचसा ताव हल्ली प्लास्टिकचा असतो. त्यावर नख फिरवलं की तो परत सपाट होतो, म्हणून तो घेऊ नका. चॉकलेटवरचा रंगीत धातूचा कागद उत्तम. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल पतंगाच्या कागदावर चिकटवला की त्यालाही अंग येतं. सोनेरी भागांसाठी तांब्याचा किंवा पितळेचा, कात्रीने कापता येईल असा अगदी पातळ पत्रा हार्डवेअर किंवा हस्तकलेच्या दुकानात विचारा. पत्र्याच्या कडा बोटं कापतात, तेव्हा लहान मुलांना हे काम एकट्याने देऊ नका. रंगीत बेगड करायला फॉइलवर काचेवर लावायचा पारदर्शक रंग लावायचा. खालचा धातू त्यातून चमकतो आणि जुन्या झिलईच्या फार जवळ जाणारा परिणाम मिळतो.

ठिपके असे करा. जाड रबराचा तुकडा किंवा जुना माउसपॅड खाली घ्या. एका खिळ्याचं टोक कानशीने घासून गोल, गुळगुळीत करा. पत्रा पालथा ठेवून खिळ्यावर हलका हातोडा मारला की समोरून बारीक घुमट उठतो. मग चामड्याला भोकं पाडायचा पोकळ पंच, दोन मिलिमीटरचा, त्या घुमटावर बरोबर मध्ये धरून लाकडाच्या ठोकळ्यावर ठोका. उठाव आधी, कापणं नंतर. उलट केलं तर एवढासा ठिपका हातात धरून त्याला उठाव देता येत नाही. एका बैठकीत पुष्कळ ठिपके पाडून डबीत ठेवा. पट्ट्याच्या मध्यात असताना ठिपके संपले आणि नवे वेगळ्या पत्र्यातून पाडले, तर रंगातला फरक चौकटीतही डोळ्यांत येतो.

छातीपट्टा, मांडपट्ट्या, शिरस्त्राण यांसाठी दुसऱ्या प्रतीतले साचे पत्र्यावर ठेवून संपलेल्या बॉलपेनने गिरवा आणि रबरावर पालथं धरून आतून फुगवटा द्या. चिलखताचा प्रत्येक भाग वेगळा कापा. सगळं चिलखत एकाच तुकड्यात कापायचा मोह होतो, तो टाळा. खांदा, छाती, कमर, मांड्या वेगवेगळे लावले आणि मध्ये छापाची काळी रेघ सोडली की शरीर वळलेलं दिसतं. रेघा बंद झाल्या की तो पत्र्याचा सपाट माणूस होतो. खवल्यांचं चिलखत असेल तर अर्धगोल खवले खालच्या ओळीपासून वर लावत जा, कौलं घालतात तसं, म्हणजे प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीची चिकटवलेली कड झाकते.

आता ठिपक्यांची किनार. ती कडेपासून सुरू करू नका. कमरपट्टा असेल तर त्याचा मध्य पेन्सिलने खूण करा, पहिला ठिपका तिथे ठेवा आणि डावीकडे एक, उजवीकडे एक असं बाहेर जा. अंतरात जी काही चूकभूल होईल ती कमरेच्या वळणाआड दोन्ही टोकांना सारखी वाटली जाते. कडेपासून निघालं तर सगळी चूक दुसऱ्या कडेला गोळा होते आणि शेवटचा ठिपका अर्धा बाहेर जातो. ठिपका उचलायला दातकोरणीच्या टोकाला मधमाशीच्या मेणाचा कण लावा. बोटांना तो चिकटतो आणि चिमट्याने चेपतो. कागदावर फेव्हिकॉलचा सुईच्या टोकाएवढा थेंब, त्यावर ठिपका, वरून काडीच्या मागच्या टोकाने हलका दाब. मोठ्या धातूच्या तुकड्यांना साधा फेव्हिकॉल पुरत नाही, तिथे धातूला धरणारा डिंक घ्या आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा.

क्रम नेहमी हा ठेवा: मोठे पत्रे, मग शस्त्रं, मग किनारी, सगळ्यांत शेवटी सुटे ठिपके आणि तारे. पिसाचा तुरा चौकट बंद करण्याच्या आधी, कारण तो मध्येच लावला तर काम करताना तुमची बाही घासून मोडतो. तलवारीचं पातं एका सलग तुकड्याचं करा. दोन तुकड्यांचा जोड कितीही जुळवला तरी उजेडात उघडा पडतो.

बेगड लावून झाल्यावर चित्र उभं करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. नजर आधी चेहऱ्यावर जाते की पोटावरच्या ताऱ्यावर, ते पाहा. ताऱ्यावर जात असेल तर तो काढा. जुन्या चित्रांत पार्श्वभूमीवरही तारे शिंपडलेले आणि नटाच्या पायाखालची जमीनसुद्धा चमकवलेली दिसते. काही वेळा ते शोभतं, पण माझ्या मते पहिल्या चित्रात मागची बाजू नुसती रंगवलेली असावी: खाली माती-हिरवी जमीन, वर फिकट आकाश, फार तर लांब एखादा किल्ला. मथळ्याची अक्षरं अजिबात झाकू नका. नट कोण आणि भूमिका कुठली, हे त्या काळच्या गिऱ्हाइकाला जेवढं महत्त्वाचं होतं तेवढंच आजच्या पाहणाऱ्यालाही आहे.

चौकट

काच बेगडाला टेकली की ठिपके चेपतात आणि पावसाळ्यात काचेच्या आतला ओलावा थेट कापडावर उतरतो. चौकटवाल्याला चित्र आणि काच यांत अर्धा सेंटिमीटर तरी अंतर ठेवायला सांगा. पिसाचा तुरा जाड असेल तर आणखी. जुन्या इंग्रजी चौकटी बऱ्याचदा मेपलच्या लाकडाच्या, पिवळसर आणि ठिपकेदार पोताच्या असत. आपल्याकडे फिकट सागवानी पट्टीही साजते. मागे आम्लमुक्त पुठ्ठा घ्या. साधा खाकी पुठ्ठा काही वर्षांत कागद पिवळा करतो.

बाहेरच्या भिंतीवर हे चित्र लावू नका. कोकणात, मुंबईत, गोव्यात त्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात आणि तांबं हिरवं पडतं. आतल्या भिंतीवर, थेट उन्हापासून दूर, आणि शक्य असेल तर बाजूने उजेड पडेल अशा जागी लावा. समोरच्या दिव्यात बेगड नुसता पांढरा दिसतो, बाजूच्या उजेडात ठिपक्यांचे घुमट उठून येतात. चौकटीच्या मागे पेन्सिलने तुमचं नाव, वर्ष आणि मूळ चित्र कुठल्या संग्रहातलं आहे ते लिहा, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी ते जुनं लंडनचं काम समजून फसणार नाही.

जुनं चित्र हाती आलं तर

लंडनला जाणं झालं, किंवा तिथल्या नातेवाइकांकडून असं चित्र विकत घ्यायचं ठरवलं, तर खालच्या बारीक अक्षरांतली तारीख लगेच खरी धरू नका. ती चित्राची तारीख असते, सजावटीची नव्हे. धंदा बसला की प्रकाशक आपले कोरलेले पत्रे दुसऱ्याला विकत, नवा मालक जुनं नाव खोडून आपलं कोरून घेई आणि छापत राही. ग्रीनचे पत्रे असेच रेडिंग्टनकडे आणि तिथून पोलॉककडे गेले. त्यामुळे नाव आणि पत्ता आधी पाहा, तारीख नंतर. मग चौकटीची मागची बाजू पाहा: जुनी खिळेबंद पाठ कधी उघडली गेली आहे का, पुठ्ठा नवा आहे का. बेगडावर तांब्याचा काळसरपणा सगळीकडे सारखा असेल तर बरं. एखादाच भाग फार चकचकीत असेल तर तिथे नंतर कोणी हात फिरवला आहे, आणि तसं विचारायला संकोच करू नका.

ते घरी आणल्यावर काळा पडलेला बेगड घासायला घेऊ नका. पितांबरी, चिंच, लिंबू काहीही नाही. झिलई धातूवर अगदी पातळ असते आणि पहिल्याच पुसण्यात निघते. गळून पडलेले ठिपके काचेच्या आत खाली साचलेले दिसले तर चौकट हलवू नका, आडवी धरूनच कागदाच्या कामातल्या जाणकार संवर्धकाकडे न्या. तो उघडेल तेव्हा सुटलेला प्रत्येक तुकडा एका छोट्या पाकिटात घालून त्यावर कुठल्या भागातून पडला ते लिहायला सांगा आणि ते पाकीट चौकटीच्या मागेच चिकटवून ठेवा.